पुढच्या चाकांची बीएमडब्ल्यू घेतली तर फसलो का?

पत्र, थोडक्यात: बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवणाऱ्या एका वाचकांचं हे पत्र. वय पंचेचाळिशीच्या पुढे. ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी लागणाऱ्या डिफरन्शियल केसचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्राच्या कवचाचं) मशिनिंग हे मुख्य काम. धंदा उभा करण्यात आणि बँकेचे हप्ते फेडण्यात वीस वर्षं गेली. आता पन्नास लाखांपर्यंतची एक चांगली गाडी घ्यावी असं मनात आहे. बीएमडब्ल्यूची टू सिरीज ग्रान कूपे पाहिली, आवडली. पण उद्यमबाग इंडस्ट्रियल इस्टेटमधला मित्र म्हणाला, "मागची चाकं ढकलत नाहीत ती कसली बीएमडब्ल्यू? नुसतं नाव विकालेत की तुला." त्याचा सल्ला असा, की त्याहून कमी पैशांत चार-पाच वर्षं वापरलेली थ्री सिरीज मिळते, ती घे. पत्नी म्हणतात, दोन्ही गाड्या बुटक्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मामंजींना उतरताना हात द्यावा लागेल, उंच गाडी बघा. भाचा इलेक्ट्रिकच्या मागे लागलाय. दर आठवड्याला कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत एक फेरी, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा, आणि पुण्यात शिकणारी मुलगी सुट्टीत आली की तीही गाडी चालवणार; तिला मागच्या चाकांची गाडी झेपेल का, ही काळजी. मेहुणे चंदगडला असतात, तेव्हा एमएच-०९ वर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या नंबरवर, नोंदणी करून कर वाचवावा का, असाही प्रश्न आहे. शेवटची ओळ: "मला कंपनी फसवते आहे की मित्र, एवढंच सांगा."

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या मित्राची माहिती बरोबर आहे. टू सिरीज ग्रान कूपे पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते; थ्री सिरीज मागच्या. त्यातून त्यानं काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. का पटत नाही ते तुम्हाला सांगणं सोपं आहे, कारण ज्या वस्तूवरून हा सगळा वाद चाललाय ती तुम्ही रोज फिक्स्चरवर चढवता.

मागच्या चाकांच्या गाडीत इंजिन लांबीत बसवलेलं असतं. त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून पोटाखालून जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, आणि शेवटी मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल, जिथे क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी ताकद काटकोनात वळवते. पुढच्या चाकांच्या छोट्या गाडीत इंजिन आडवं बसतं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी आणि डिफरन्शियल त्या गिअरबॉक्सच्याच पोटात. लांबलचक शाफ्ट नाही, त्याचं बॅलन्सिंग नाही, मागचं वेगळं कास्टिंग नाही, क्राउन-पिनियनची जोडी जुळवत बसायचा खटाटोप नाही. एका केसमागे किती ऑपरेशन्स, किती रिजेक्शन आणि किती पैसे, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पीसमागे दोन रुपये कमी करा म्हणून तुमच्याशी घासाघीस करणारा परचेसवाला आठवा. अख्खी असेंब्लीच रद्द करायचा अधिकार त्याच्या हाती दिला तर तो काय करेल? जर्मनीत तेच झालं.

अर्थात एका रात्रीत नाही. छोट्या गाडीत इंजिन आडवं टाकून माणसांना जागा करून द्यायची मांडणी ब्रिटिश अभियंते ॲलेक इसिगोनिस यांच्या १९५९ च्या मिनी या गाडीनं रूढ केली. ऑडीनं १९९६ मध्ये ए३ आणली ती फोक्सवॅगन गोल्फच्या सांगाड्यावर, आणि पुढच्याच वर्षी मर्सिडीजची ए-क्लास आली, तीही पुढच्या चाकांची. बीएमडब्ल्यू तेवढी अडून बसली. २००४ ची वन सिरीज ही एवढीशी हॅचबॅक, तरी इंजिन लांबीत आणि ताकद मागच्या चाकांना. त्या हट्टाची किंमत मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या गुडघ्यांनी मोजली. तिची पुढची पिढी २०१३ मध्ये आपल्याकडेही आली. फार कुणी घेतली नाही आणि ती गुपचूप गेली.

या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे. बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे प्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनी २०१० मध्ये सांगून टाकलं, की वन सिरीज चालवणाऱ्यांपैकी ८० टक्के लोकांना आपली गाडी पुढच्या चाकांचीच वाटते. ज्या गोष्टीवर कंपनी जास्तीचे पैसे घालत होती ती बहुतेक गिऱ्हाइकांच्या लक्षातही येत नव्हती! त्यात मिनी हा ब्रँड आता बीएमडब्ल्यूच्याच मालकीचा, म्हणजे आडव्या इंजिनाचा सांगाडा घरात तयारच. युरोपनं तोवर कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घातली होती: एकूण विकलेल्या गाड्यांची सरासरी २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणायची, पुढे ९५ वर. मोठ्या इंजिनांच्या गाड्या विकत राहायच्या असतील तर सरासरी खाली ओढायला छोट्या, हलक्या गाड्या भरपूर खपायला हव्यात. मग २०१४ मध्ये टू सिरीज ॲक्टिव्ह टूरर ही बीएमडब्ल्यूच्या नावाची पहिली पुढच्या चाकांची गाडी आली, २०१५ मध्ये एक्स१ त्याच वाटेनं गेली, २०१९ मध्ये वन सिरीजही. तुम्हाला आवडलेली ग्रान कूपे भारतात २०२० मध्ये आली, ती याच कुळातली.

आता तुमचा मित्र कुठे बरोबर आहे तेही सांगतो. पहिलं, नावांचा घोळ. टू सिरीजचीच दोन दारांची कूपे आजही मागच्या चाकांवर चालते. चार दारांची ग्रान कूपे पुढच्या. आकडा एक, आतलं यंत्र वेगळं. हे कंपनीनं जाणूनबुजून ठेवलंय, कारण त्या आकड्याला आधीच्या गाड्यांची पुण्याई चिकटलेली आहे. दुसरं, वाचलेले पैसे. मांडणी स्वस्त झाली म्हणून गाडी त्या मानानं स्वस्त झाली का? तसं दिसत नाही. ते पैसे काही डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमध्ये, दिव्यांत आणि आतल्या सजावटीत गेले, काही नफ्यात. हल्लीच्या टू सिरीजमध्ये १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, १५६ अश्वशक्तीचं, मिनीतही हेच चालतं. मर्सिडीजच्या ए-क्लास लिमोझिनचं १.३ लिटर इंजिन रेनोबरोबर मिळून केलेलं, आणि त्याच घराण्याचं इंजिन २०२० मध्ये आपल्याकडे डस्टर आणि किक्समध्येही मिळत होतं. ऑडीची ए३ सेडान तर त्या वेळच्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्याच सांगाड्यावर उभी होती; दोन्ही औरंगाबादेत जुळवल्या जात. तेव्हा बिल्ल्याचे पैसे आपण देतो, हे खरंच. त्यात भर सरकारची. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब किंवा १२०० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाडीला ४० टक्के जीएसटी लागतो. म्हणजे करापुरती तुमची ही 'छोटी' गाडी आणि मर्सिडीजची दीड-दोन कोटींची एस-क्लास एकाच पंगतीत.

पण बिल्ल्याचे पैसे थ्री सिरीजमध्येही जातातच की. आणि 'मागची चाकं म्हणजे अस्सल राजेशाही' हे गृहीतक जरा तपासून बघा. ऑडीच्या ए४, ए६ यांची मूळ मांडणी पुढच्या चाकांची. आपल्याच कर्नाटकात, बिडदीला, २०२० पासून लेक्सस ईएस जुळवली जाते. किंमत थ्री सिरीजच्या तोडीची आणि ओढतात पुढची चाकं. तिच्यात बसून कुणी नाक मुरडल्याचं ऐकिवात नाही. उलट जन्मभर मागच्या चाकांनी ढकललेल्या गाड्या कोणत्या? अँबॅसडर, बोलेरो, जुनी इनोव्हा, आणि शाळेच्या पोरांना कोंबून नेणारी ओम्नी. मित्राला हे ऐकवा, पण चहा पिऊन झाल्यावर.

मग मांडणीनं फरक पडतच नाही का? पडतो, पण तो कुठे पडतो हे तुमच्या रस्त्यांवरच बघू.

शिरोलीची फेरी घ्या. बेळगाव ते कोल्हापूर शंभर-एकशेदहा किलोमीटर, जवळजवळ सगळा हायवे. वंटमुरीचा घाट, पुढे निपाणीजवळ तवंदी, दोन्ही रुंद. इथे ताशी ऐंशी-नव्वदनं जाताना कोणती चाकं गाडी हलवतात हे डोळे मिटून ओळखणारा माणूस विरळा. सस्पेन्शन, सीट, टायरचा आवाज, यांनी तुमची कंबर ठरते. त्यातही टायर. मोठ्या रिमवरचे पातळ टायर शोरूमच्या फरशीवर फार देखणे दिसतात. सर्व्हिस रोडच्या वळशावरचा खड्डा तेच पहिल्यांदा मोजतात.

चोर्ल्याचं वेगळं. जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघालं की जुलैमध्ये रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं आणि वळणावर लाल मातीचा पातळ थर वाहून आलेला असतो. तुम्ही गोव्याहून परत येताय, केरी सोडून घाट चढताय, गाडीत चौघं, डिकी भरलेली, पाऊस. अशा चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढच्या चाकांच्या गाडीत नेमक्या त्याच चाकांनी ओढायचंही आणि वळायचंही असतं. उभ्या वळणावर थांबून पुन्हा उठवायची वेळ आली तर ती क्षणभर जागीच गरगरतात, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, संगणक ताकद कापतो आणि गाडी हळूच पकड घेते. मागच्या चाकांची गाडी तिथे मुकाट वर निघते, कारण वजन ज्या चाकांवर पडलंय तीच ढकलत असतात. उतारावर, ओल्यात, वेग जास्त झाला तर पुढच्या चाकांची गाडी नाक बाहेर टाकते, मागच्यांची शेपूट. पहिलं सावरणं सोपं: पाय काढा, गाडी परत रेषेत येते.

१५६ अश्वशक्तीत हा फरक एवढाच. २५० अश्वशक्तीच्या पुढे पुढच्या चाकांची गाडी जोरात दाबली की स्टिअरिंग हातात ओढ घेऊ लागतं आणि मग मागच्या चाकांची मातब्बरी खरोखर कळते. थ्री सिरीजच्या ३३० मध्ये ते इंजिन आहे, तेव्हा तिथे मित्राच्या बोलण्याला वजन येतं. प्रश्न इतकाच, की ते वजन तुम्ही कधी वापरणार? रविवारी पहाटे एकटे उठून आंबोलीला नुसतं चालवायला म्हणून जाणाऱ्यांतले तुम्ही आहात का? पत्रात तसं काही दिसलं नाही. पत्रात मित्र बराच आहे, वडील आहेत, मुलगी आहे, शिरोली आहे. गाडी चालवण्याची हौस कुठे ओझरतीही आलेली नाही. ती असेल आणि लिहायची राहिली असेल तर माझं उत्तर बदलेल, आणि बदलायलाच हवं.

ती हौस असेल तर वापरलेली थ्री सिरीज घ्या, बिनधास्त. पण नवीपेक्षा कमी किमतीत मिळाली म्हणून उरलेले पैसे मोकळे झाले असं समजू नका. त्यातले पाच-सात लाख बाजूला ठेवा. गाडी जुनी झाली तरी तिचे सुटे भाग नव्या गाडीच्या भावानंच येतात. बघायला जाल तेव्हा तुमचे कान सोबत न्या, मेकॅनिकइतकेच ते कामाचे आहेत. साठ-सत्तरच्या वेगात ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून बारीक 'ऊं' असा सूर आला तर डिफरन्शियलच्या बेअरिंगबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! गाडी लिफ्टवर घ्यायला लावा. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातली रबरी चकती तडकलीय का, मधलं बेअरिंग खेळतंय का, मागचे टायर आतल्या कडेनं झिजलेत का, हे स्वतः बॅटरी मारून बघा. आणि टायर रन-फ्लॅट आहेत का ते विचारा. पंक्चर झाल्यावर त्यावर थोडं अंतर जाता येतं खरं, पण ते कडक असतात, महाग असतात आणि संकेश्वरला रात्री दहा वाजता कुणाकडे मिळत नाहीत.

हौस नसेल, आणि मला तसंच वाटतंय, तर तुमच्या पत्नीचं म्हणणं या पत्रातलं सर्वांत शहाणपणाचं म्हणणं आहे. ग्रान कूपेचं छप्पर मागे उतरत जातं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आत शिरताना मान आणि कंबर एकाच वेळी वाकवावी लागते. शिवाय पुढच्या चाकांची गाडी म्हणून मागची फरशी सपाट असेल अशी अपेक्षा ठेवू नका. याच बॉडीत चारही चाकांचं मॉडेलही निघतं, त्यासाठी मधला उंचवटा ठेवलेलाच असतो. आडव्या इंजिनाचा मोठा फायदा म्हणून जी जागा सांगितली जाते ती या आकारात तुमच्या वडिलांच्या वाट्याला फारशी येत नाही. बीएमडब्ल्यूची एक्स१ किंवा मर्सिडीजची जीएलए या उंच अंगाच्या गाड्यांत मात्र येते. मांडणी तीच, पण सीट माणसाच्या मांडीच्या उंचीवर, आणि पाच जण बसल्यावर गावोगावच्या गतिरोधकांवर पोट घासण्याची धास्तीही कमी. आपल्याकडे छोट्या अलिशान हॅचबॅक आणि सेडान आल्या नि गेल्या, उंच गाड्या मात्र टिकल्या, त्याचं कारण घराघरातले असेच गुडघे आहेत, असं माझं मत.

कंपन्यांचं यामागचं गणितही एकदा समजून घ्या, म्हणजे शोरूममधल्या गोड बोलण्याचा अर्थ लागेल. ही गाडी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं दाराची पायरी. तिच्यावर फार कमवायचं नसतं. तिशी-चाळिशीत तुम्हाला आत घ्यायचं आणि पाच वर्षांनी थ्री सिरीज, मग एक्स३ असं वर चढवायचं. म्हणून सेल्समन तुमच्याशी गाडीपेक्षा 'बायबॅक' आणि 'अपग्रेड' यांवर जास्त बोलतो. पण आता कंपन्यांनाच ही पायरी जड वाटू लागलीय. मर्सिडीजनं २०२२ मध्ये जाहीर केलं, की छोट्या गाड्यांचे सात प्रकार कमी करून चारवर आणायचे आणि जोर वरच्या महागड्या गाड्यांवर द्यायचा. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की जे मॉडेल बाजारातून उठण्याच्या बेतात आहे त्याला पुढे विकताना भाव कमी येतो. पन्नास लाख घालायच्या आधी 'याची पुढची पिढी भारतात येणार का' हे विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर तेच उत्तर समजा.

सर्व्हिसचंही तसंच. जवळचं अधिकृत वर्कशॉप तुम्हाला कोल्हापूरला पडतंय, हुबळीला की गोव्याला, हे ब्रँडगणिक बदलतं. शिरोलीच्या वाटेवर पडत असेल तर तुमचा दिवस वाचला. गोव्यात असेल तर ऐन पावसात दुरुस्तीसाठी घाट उतरावा लागेल. माझ्या मते तुमच्यासारख्या माणसानं हा प्रश्न चाकांच्या प्रश्नाच्या बराच वर ठेवावा.

भाच्याला झिडकारू नका. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यामुळे किमतीतली दरी कमी होते. बीएमडब्ल्यूची लांब आयएक्स१ जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली, चेन्नईत जुळवलेली. शिरोलीची जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरची फेरी ती एका चार्जमध्ये सहज करेल. पुण्याला मात्र वाटेत एकदा थांबावं लागेल असं धरून चाला. पण मला इथे गंमत वेगळीच वाटते. इलेक्ट्रिक मोटर एवढी आटोपशीर, की ती मागच्या चाकांमध्येही मावते. ना लांब शाफ्ट, ना उंचवटा. त्यामुळे जुना हिशेब उलटा झाला. पंचवीस वर्षं पुढच्या चाकांची म्हणून ओळखली गेलेली व्होल्वो, जिनं मागच्या चाकांच्या गाड्या १९९८ मध्ये बंद केल्या होत्या, तिनं २०२३ मध्ये इलेक्ट्रिक एक्ससी४० ची ताकद पुढून काढून मागे नेली. ईएक्स३० ही तशीच. आणि बीएमडब्ल्यूची आयएक्स१ मात्र पुढच्या चाकांची, कारण सांगाडा पेट्रोल गाडीबरोबर वाटून घेतलाय. म्हणजे मागच्या चाकांची व्होल्वो आणि पुढच्या चाकांची बीएमडब्ल्यू एकाच बाजारात, जवळपास एकाच भावात! मित्राच्या हिशेबानं आता खरी कोण? जिथे ठेवणं स्वस्त आणि सोयीचं तिथे यंत्र जातं. गाडीचं राहू द्या, तुमच्या धंद्यासाठी हा मुद्दा जास्त गंभीर आहे. प्रवासी गाड्यांत तुमच्या कामाचा प्रकार बदलतोय, त्याबद्दल स्वतंत्र पत्र लिहा.

आता एमएच-०९. आकडे आधी मांडतो. कर्नाटकात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आजीवन कर, वर उपकर. ५० लाखांच्या गाडीला ९ लाखांहून जास्त. महाराष्ट्रात तीच गाडी तुमच्या नावावर घेतली तर १३ टक्के, म्हणजे साडेसहा लाख. मोह समजण्यासारखा आहे, आणि चंदगडचे मेहुणे असे अर्ध्या बेळगावला आहेत. पण मोटार वाहन कायद्याच्या ४० व्या कलमानुसार गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, म्हणजे तुमचं घर किंवा धंदा जिथे आहे, तिथेच नोंदवायची असते. परराज्यात नोंदवलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर ४७ व्या कलमाप्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. मेहुण्यांच्या नावावर घ्याल तर गाडी कायद्यानं त्यांची, विमा त्यांचा. उद्या काही झालं तर दावाही त्यांनीच करायचा. तीन-साडेतीन लाखांसाठी नात्यात हे ओझं टाकू नये असं मी म्हणेन. 'फर्मच्या नावावर महाराष्ट्रात घेतो' हाही विचार मनात आला असेल, तर तिथे कंपनीच्या नावाला २० टक्के आहे. आणि गाडी फर्मच्या नावावर घेतली तरी जीएसटीचं इनपुट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. घसारा तेवढा मिळेल, तो सीएला विचारा. इलेक्ट्रिक घेणार असाल तर पंचवीस लाखांवरच्या गाडीला कर्नाटकानं २०२४ मध्ये १० टक्के आजीवन कर लावला, तोही हिशेबात धरा.

वापरलेली थ्री सिरीज कोल्हापूर-पुण्याकडची निघाली तर सौदा करायच्या आधीच ठरवा, की एनओसी कोण काढणार आणि इथला कर कोण भरणार. हा कर गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण शून्य होत नाही. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा हिस्सा परत मागता येतो; त्यासाठी इथला नवा नंबर मिळाल्यावर तिकडच्या आरटीओत अर्ज करावा लागतो आणि चिकाटी लागते.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन तुम्हाला शोरूमभोवती एक चक्कर मारून आणेल. तेवढ्यावर मानू नका. सगळं कुटुंब घेऊन जा आणि स्वतः मागे बसा. वडिलांना कुणाचाही हात न धरता दोनदा चढू-उतरू द्या. खराब रस्ता मुद्दाम मागून घ्या. ज्या मॉडेलची बोलणी चाललीत त्याच रिमचे टायर टेस्टच्या गाडीला आहेत का, तेही बघा. बहुतेक वेळा नसतात.

राहिली मुलगी. तुम्ही विचारलंय, "तिला मागच्या चाकांची गाडी झेपेल का?" ही भीती तुमच्या-माझ्या वयाची आहे, जुन्या गाड्यांची. ए-क्लास १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत, समोर अचानक आडवं आलेलं जनावर चुकवावं तशी वळवताना, उलटली. मर्सिडीजची नाचक्की झाली आणि त्यातून कंपनीनं त्या छोट्या गाडीत गाडी सावरणारी ईएसपी ही यंत्रणा सरसकट द्यायला सुरुवात केली. तोवर ती महागड्या गाड्यांतच असे. आज तुम्ही बघताय त्या प्रत्येक गाडीत ती आहे. शेपूट सुटायला लागली की ती एकेका चाकाचा ब्रेक स्वतः धरते, चालवणाऱ्याला कळायच्या आधी. तेव्हा पुढची चाकं असोत की मागची, मुलगी चालवेल. फक्त टायर झिजले की बदलायला टाळाटाळ करू नका, आणि जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरचं तेल-धूळ अजून धुऊन निघालेलं नसतं तेव्हा, घाटात तिच्या शेजारी तुम्ही बसा.